इंग्रजी भाषेतील मोटारगाडी

प्रत्येक भाषेच्या अंगणात त्या समाजाचे वाहन उभे असते. मराठीच्या अंगणात बैलगाडी उभी आहे. संसाराचा गाडा ओढणे, गाडे अडणे, कधी गाड्यावर नाव तर कधी नावेवर गाडा, हे सारे त्या एका वाहनाचे देणे होय. 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण आजही सहज वापरली जाते. परंतु हा नळा म्हणजे आसाला वंगण घालण्यासाठी गाडीला टांगलेले तेलाचे नळकांडे, हे सांगणारी पिढी आता विरळ झाली आहे. पुढे रेल्वे आली आणि घसरलेली गाडी रुळावर येऊ लागली. मोटार आली तेव्हा लग्नाच्या बोलण्यांना ब्रेक लागू लागला आणि निवडणुकीचा प्रचार टॉप गिअरमध्ये धावू लागला.

इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेतील इंग्रजीत, मोटारीने याहून कितीतरी अधिक जागा व्यापली आहे. कार्ल बेन्झ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे एकस्व १८८६ मध्ये जर्मनीत मिळविले. परंतु मोटार सामान्य माणसाच्या दारात आणली ती हेन्री फोर्ड यांनी. त्यांची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये बाजारात आली, १९१३ पासून ती सरकत्या जुळणी-साखळीवर तयार होऊ लागली आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या. शेतकरी, कारकून, शिक्षक अशा सर्वांच्या घरी जी वस्तू पोहोचते ती त्यांच्या बोलण्यातही उतरते. ब्रेक, गिअर, चाक, टायर, पेट्रोल, मागचे आसन, पुढची काच, यांपैकी क्वचितच एखादा भाग असा असेल की ज्यावरून इंग्रजीत वाक्प्रचार झाला नाही.

हा विषय केवळ भाषेच्या हौसेचा राहिलेला नाही. पूर्वी परदेशी ग्राहकाचे पत्र आले की ते एखाद्या जाणकाराकडून वाचून घेतले जाई. आता ई-मेल थेट कारखानदाराच्या भ्रमणध्वनीवर येते, तेही बोलीभाषेच्या जवळ जाणाऱ्या इंग्रजीत, आणि उत्तर त्याच दिवशी अपेक्षित असते. अशा वेळी एका वाक्प्रचाराची किंमत किती होऊ शकते, हे एका कल्पित परंतु सहज संभवनीय प्रसंगावरून पाहता येईल.

इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीत ट्रकचे ब्रेक लायनिंग बनविणारा एक छोटा कारखाना आहे असे समजू. मालक इंदूरचे जुने मराठी रहिवासी. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील एका कंपनीने त्यांना दोन टप्प्यांत माल पुरविण्याचे काम दिले आहे. पहिल्या टप्प्याची ऑर्डर पक्की आहे, दुसऱ्याची केवळ बोलणी झाली आहेत. एके सकाळी त्या कंपनीकडून तीन वाक्यांचे ई-मेल येते: 'वुई आर पुटिंग द ब्रेक्स ऑन फेज टू. अवर क्वालिटी पीपल वॉन्ट टु किक द टायर्स फर्स्ट. मीनव्हाइल, यू आर स्टिल इन द ड्रायव्हर्स सीट.'

मालक हर्षभरित होऊन बँकेच्या शाखेत येतात. दुसऱ्या टप्प्याच्या गाड्यांवर आपलेच ब्रेक बसविले जात आहेत, त्याआधी टायरची काही तपासणी व्हायची आहे आणि चालकाच्या आसनाविषयीही काहीतरी लिहिले आहे; कदाचित तेही काम आपल्यालाच मिळेल! कच्च्या मालासाठी निर्यातपूर्व कर्ज, म्हणजे पॅकिंग क्रेडिट, चाळीस लाख रुपयांनी वाढवून हवे आहे. अर्जही भरून आणलेला असतो.

"काका, हे ई-मेल पुन्हा एकदा सावकाश वाचू या," एवढेच ऋण विभागातील अधिकारी महिला म्हणतात.

ब्रेक कोणी लावला?

ब्रेकचे काम करणाऱ्या माणसाला 'पुटिंग द ब्रेक्स ऑन' हे शब्द 'ब्रेक बसवीत आहोत' असेच दिसणार. इंग्रजीत मात्र त्यांचा रूढ अर्थ नेमका उलटा आहे: एखादे काम आपण होऊन थांबविणे अथवा त्याचा वेग बराच कमी करणे. मराठीत ब्रेक 'लागतो', इंग्रजीत तो बहुधा कोणीतरी 'लावतो'. हा फरक लहान दिसला तरी अर्थाच्या दृष्टीने मोठा आहे. मराठी वाक्यात काम थांबल्याचे कळते. इंग्रजी वाक्यात ते कोणी थांबविले हेही कळते. येथे ते खरेदीदाराने थांबविले आहे, आणि ब्रेक लावणारा तो सोडूही शकतो.

काम थांबण्याच्या निरनिराळ्या अवस्था दाखविण्यासाठी इंग्रजीने मोटारीचा फार बारकाईने उपयोग केलेला आहे. 'स्पीड बम्प' लागला असे कोणी लिहिले तर अडचण किरकोळ असून वेग तेवढ्यापुरता कमी होणार आहे. 'रोडब्लॉक' म्हटले की वाटेत अडसर आहे आणि तो कोणीतरी दूर करावा लागेल. काम 'स्टॉल' झाले म्हणजे इंजिन मध्येच बंद पडले; येथे कोणाचा हेतू नाही, पण गाडी हलत नाही. 'स्पिनिंग अवर व्हील्स' यात इंजिन चालू आहे, चाकेही गरगर फिरत आहेत, मात्र गाडी चिखलातून पुढे सरकत नाही. श्रम चालू, प्रगती शून्य. 'रनिंग ऑन फ्यूम्स' म्हणजे टाकीतील पेट्रोल संपले असून उरल्यासुरल्या वाफेवर गाडी चालली आहे. एखादी कंपनी आपल्या खेळत्या भांडवलाविषयी हे शब्द वापरू लागली तर कर्ज देणाऱ्याने तिचा ताळेबंद मागवून घेतलेला बरा.

या मालिकेतील शेवटचा शब्द 'यू-टर्न'. भूमिका पूर्णपणे बदलणे हा त्याचा अर्थ आता मराठी वृत्तपत्रांतही रूढ झाला आहे. ब्रिटनमध्ये १९७२ साली पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी आपले आर्थिक धोरण फिरविले तेव्हा त्यांच्यावर या शब्दाने टीका झाली. पुढे १० ऑक्टोबर १९८० रोजी ब्रायटन येथील पक्षाच्या परिषदेत मार्गारेट थॅचर यांनी, वळायचे असेल त्यांनी वळावे, आपण वळणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढले आणि वाहतुकीतील एक साधा शब्द ब्रिटिश राजकारणात कायमचा जाऊन बसला.

पीथमपूरच्या ई-मेलमध्ये यू-टर्न नाही, रोडब्लॉकही नाही. दुसरा टप्पा रद्द झालेला नाही. तो थांबविला आहे. हा भेद कर्जाच्या दृष्टीने मोलाचा आहे. पॅकिंग क्रेडिट हे निर्यातीच्या पक्क्या ऑर्डरच्या किंवा पतपत्राच्या आधारावर दिले जाते आणि निर्यातीतून येणाऱ्या रकमेतूनच ते फिटावे अशी अपेक्षा असते. थांबलेल्या टप्प्यासाठी माल घेऊन ठेवला आणि खरेदीदाराने ब्रेक सोडलाच नाही, तर माल गोदामात आणि व्याज डोक्यावर, अशी अवस्था होते.

टायरला लाथ आणि लिंबांचा बाजार

दुसऱ्या वाक्यातील 'किक द टायर्स' हा वाक्प्रचार जुन्या मोटारींच्या बाजारातून आला. वापरलेली गाडी घ्यायला आलेला माणूस इंजिनातील काही कळत नसले तरी गाडीभोवती एक फेरी मारतो, दार उघडून धाडकन लावतो आणि टायरला बुटाची लाथ मारून पाहतो. त्यावरून खरेदीपूर्वी वरवरची का होईना पण स्वतः तपासणी करणे, असा अर्थ झाला. त्यातूनच 'टायर-किकर' हे नाव निघाले. सर्व चौकशी करणारा, भाव विचारणारा, चहा पिऊन जाणारा आणि शेवटी काहीच न घेणारा ग्राहक. बँकेच्या कर्ज विभागात अनेक वर्षे काढलेल्यांना अशा व्यक्तीचे वेगळे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

जुन्या मोटारींच्या याच बाजाराने अर्थशास्त्रालाही एक शब्द दिला. आतून सदोष असलेल्या, सतत दुरुस्तीला येणाऱ्या गाडीला अमेरिकेत 'लेमन' म्हणतात. आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ती दृष्ट लागण्यापासून वाचविली जाते, तर तिकडे गाडीच लिंबू निघते; दोन संस्कृतींनी एकाच फळाला दिलेली ही दोन कामे मोठी मौजेची आहेत. अशा सदोष नव्या गाडीच्या ग्राहकाला संरक्षण देणारे कायदे अमेरिकेतील राज्यांनी केले, त्यांना 'लेमन लॉ' म्हणतात. कनेक्टिकट राज्याने असा कायदा १९८२ मध्ये केला.

जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये 'द मार्केट फॉर लेमन्स' हा निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. निबंधाचा विचार समजायला कठीण नाही. समजा, बाजारातील निम्म्या जुन्या गाड्या चांगल्या असून त्यांची खरी किंमत चार लाख रुपये आहे, आणि निम्म्या 'लेमन' असून त्यांची किंमत दोन लाख आहे. कोणती गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधला भाव, म्हणजे तीन लाख, देऊ करतो. चांगल्या गाडीचा मालक त्या भावाला विकायला तयार होत नाही आणि बाजारातून निघून जातो. राहतात त्या लिंबांच्याच गाड्या. हे घेणाऱ्याच्या लक्षात आले की तो भाव आणखी उतरवितो. माहिती एकाच बाजूला असली की चांगला माल बाहेर पडतो आणि वाईट माल उरतो, हे ॲकरलॉफ यांनी दाखवून दिले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या निबंधात भारताचाही विचार आहे, ही गोष्ट बँकिंगच्या वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावी. शहरातील बँका ज्या दराने कर्ज देतात त्याच्या कितीतरी पट दर गावचा सावकार का लावू शकतो, या प्रश्नाला ॲकरलॉफ यांनी हेच उत्तर दिले. सावकाराला गावातील प्रत्येक ऋणकोची पत आणि स्वभाव ठाऊक असतो. बाहेरून आलेला कोणी कमी दराने कर्ज वाटू लागला तर त्याच्याकडे नेमके तेच ऋणको गर्दी करतील ज्यांना सावकाराने दारातून परत पाठविले आहे. म्हणजे लिंबेच त्याच्या वाट्याला येतील. ॲकरलॉफ यांनी १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अभ्यागत प्राध्यापक म्हणून काम केले होते. भारतात पतविषयक माहिती गोळा करणारी पहिली संस्था, सिबिल, २००० साली स्थापन झाली. कर्जाचा अर्ज आला की ऋणकोचा पतअहवाल मागविला जातो, तो एक प्रकारे टायरला मारलेली लाथच असते. फक्त बूट न वापरता मारलेली.

याच परिसरातील आणखी एक वाक्प्रचार म्हणजे 'टेकन फॉर अ राइड'. शब्दशः पाहिले तर कोणी प्रेमाने गाडीतून फिरवून आणले असे वाटते. अर्थ मात्र फसविले जाणे असा आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत दारूबंदी असताना तेथील गुन्हेगारी टोळ्या नको असलेल्या माणसाला मोटारीत बसवून घेऊन जात आणि तो परत येत नसे. त्या फेरीची काळी छाया या शब्दांवर आहे. मराठीत 'हातोहात फसविले' किंवा 'टोपी घातली' म्हटल्यास भाव जवळपास तोच येतो, रक्त मात्र दिसत नाही.

चालकाचे आसन

तिसरे वाक्य सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत फसवे. 'इन द ड्रायव्हर्स सीट' म्हणजे सूत्रे हाती असणे. ब्रिटनमध्ये हेच 'इन द ड्रायव्हिंग सीट' असे म्हणतात. खरेदीदार म्हणतो की सूत्रे अजूनही तुमच्याच हाती आहेत. पण ब्रेक त्याने लावला आहे आणि तपासणीही त्याचीच माणसे करणार आहेत. ज्या गाडीचा ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली आहे तिच्या चालकाच्या आसनाला कितीसे महत्त्व द्यावे? फार तर एवढेच म्हणता येईल की, अन्य पुरवठादारांपेक्षा पीथमपूरच्या कारखान्याला ते अजून पुढे मानतात. सौजन्याचे वाक्य आणि वचन यांतील अंतर ज्याला ओळखता येत नाही, त्याला वाक्प्रचारांचा कोश पाठ असूनही उपयोग नाही.

जबाबदारी कोणाची, हे सांगण्यासाठी इंग्रजीत या आसनाभोवती बरेच शब्द जमले आहेत. 'बॅकसीट ड्रायव्हर' म्हणजे मागे बसून चालकाला सतत सूचना देणारा. हा शब्द विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेत रूढ झाला. कार्यालयात त्याचा अर्थ व्यापक होतो. ज्याच्यावर जबाबदारी नाही पण ज्याला प्रत्येक निर्णयात बोलायचे असते, असा सहकारी. 'अस्लीप ॲट द व्हील' म्हणजे चाक हाती असताना डुलकी लागणे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर नियंत्रक संस्था आणि पतमानांकन संस्था यांच्यावर टीका करताना इंग्रजी वृत्तपत्रांनी हे शब्द पुनःपुन्हा वापरले. केवळ चूक झाली असे म्हणणे आणि चाकावर झोप लागली असे म्हणणे यांत पुष्कळ अंतर आहे. दुसऱ्यात जबाबदारी निश्चित होते.

नोकरीच्या जाहिरातींत 'सेल्फ-स्टार्टर' हवा असे लिहिलेले असते. सुरुवातीच्या मोटारी पुढच्या बाजूने लोखंडी हँडल फिरवून चालू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडण्याचे प्रकार घडत. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसविला गेला आणि हँडल मारणाऱ्याची गरज सरली. कोणी बाहेरून हँडल न मारता स्वतःहून कामाला लागणारा कर्मचारी तो 'सेल्फ-स्टार्टर'. आपल्याकडे ट्रकचालक अजूनही 'सेल्फ मारला' असे म्हणतात, तो हाच शब्द.

'फायरिंग ऑन ऑल सिलिंडर्स' हा वाक्प्रचारही येथेच नोंदवावा. चार सिलिंडरपैकी एकात ठिणगी पडली नाही की गाडी धक्के देत चालते. गॅरेजमध्ये त्याला 'मिसिंग' म्हणतात. सर्व सिलिंडर नीट चालले म्हणजे पूर्ण क्षमतेने काम होते. भारतीय घरात सिलिंडर म्हटले की स्वयंपाकघर आठवते, आणि एखाद्या नवशिक्या अनुवादकाच्या हातून 'सर्व सिलिंडर पेटले' असे छापून गेले तर अग्निशमन दलाला बोलवायचे की काय, असा प्रश्न वाचकाला पडेल.

जुन्या बग्गीचे नवे रूप

मोटारीचे वाटणारे सर्वच शब्द मोटारीचे नाहीत. बँकेच्या संगणकावर रोज सकाळी जो 'डॅशबोर्ड' उघडतो त्यात ठेवी, थकबाकी, प्रलंबित अर्ज यांचे आकडे असतात. मूळ डॅशबोर्ड ही घोडागाडीच्या पुढच्या बाजूची फळी होती. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल चालकाच्या अंगावर येऊ नये म्हणून ती लावीत. मोटारीत घोडा गेला, फळी राहिली आणि तिच्यावर वेग व पेट्रोल दाखविणारी तबकडी बसली. संगणकात मोटारही गेली, तबकडी राहिली. चिखलाशी असलेले नाते मात्र थकबाकीचा स्तंभ पाहताना पुन्हा आठवू शकते.

'कोच' हा शब्द हंगेरीतील कोच नावाच्या गावावरून आला. तेथे उत्तम घोडागाड्या बनत. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या पार नेऊन सोडणाऱ्या खासगी शिक्षकाला गमतीने 'कोच' म्हटले. आज गल्लोगल्ली दिसणारे कोचिंग क्लास त्या घोडागाडीचेच वंशज होत. 'ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन', म्हणजे घासाघीस करून सौदा पदरात पाडून घेणे, यातील 'ड्राइव्ह'चा मोटारीशी संबंध नाही. तो शब्द गुरे आणि घोडे हाकण्याच्या काळातील आहे. 'बंपर पीक' आणि 'बंपर सोडत' यांतील बंपरही गाडीचा नव्हे. काठोकाठ भरलेल्या मद्याच्या पेल्याला इंग्रजीत बंपर म्हणत, त्यावरून भरघोस असा अर्थ आला. बँकांच्या सेवाविषयक घोषणांत आवडीने येणारे 'गो द एक्स्ट्रा माइल' हे तर बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील उपदेशावरून आले आहे. कोणी एक मैल ओझे वाहायला भाग पाडले तर त्याच्याबरोबर दोन मैल जावे, असा तो उपदेश आहे.

'फिफ्थ व्हील' हा वाक्प्रचार मात्र दुधारी आहे. चार चाकांच्या गाडीला पाचवे चाक कशाला, या विचारातून नको असलेला, आगंतुक माणूस असा त्याचा अर्थ होतो. परंतु ट्रेलर ओढणाऱ्या अवजड वाहनात ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांना जोडणाऱ्या भागाचे नावच फिफ्थ व्हील आहे आणि त्यावाचून गाडी निघणार नाही. वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्याला 'फिफ्थ व्हील'विषयी विचारणा आली तर तो अपमान समजू नये. ती ऑर्डरही असू शकते.

बॉनेट, हूड आणि स्टेपनी

इंग्रजी एक नाही, हेही येथे लक्षात ठेवावे लागते. इंजिनावरील झाकणाला ब्रिटनमध्ये 'बॉनेट' आणि अमेरिकेत 'हूड' म्हणतात. त्यामुळे एखाद्या योजनेच्या आत काय दडले आहे हे पाहणे लंडनमध्ये 'अंडर द बॉनेट' होते, न्यूयॉर्कमध्ये 'अंडर द हूड'. पेट्रोलला अमेरिकेत 'गॅस' म्हणतात. 'स्टेप ऑन द गॅस' म्हणजे वेग वाढवा. आता विजेवर चालणाऱ्या मोटारीत गॅस, पेट्रोल काहीच नसले तरी हा वाक्प्रचार निवृत्त होण्याची चिन्हे नाहीत. बैल गेला म्हणून संसाराचा गाडा थोडाच थांबला! कंपनीच्या स्वतःच्या भांडवलाशी कर्जाचे जे प्रमाण असते त्याला ब्रिटनमध्ये 'गिअरिंग' आणि अमेरिकेत 'लेव्हरेज' असे नाव आहे. 'हायली गिअर्ड' कंपनी म्हणजे वेगवान कंपनी नव्हे. कर्जाने वाकलेली कंपनी.

भारतीय इंग्रजीने आपलेही काही शब्द जपले आहेत. जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. वेल्समधील लानेली या गावी १९०४ मध्ये थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी पंक्चर झालेल्या चाकाला वरून जोडता येईल असे जादा चाक तयार केले. तेथील स्टेपनी रस्त्यावरून त्याला नाव मिळाले. ब्रिटनमध्ये हा शब्द विस्मृतीत गेला, भारतात तो घराघरांत आहे. मागच्या सामानाच्या कप्प्याला आपण 'डिकी' म्हणतो, ब्रिटिश 'बूट' आणि अमेरिकन 'ट्रंक'. गाडी एका लिटरमध्ये किती धावते याला आपण 'ॲव्हरेज' म्हणतो. अमेरिकन माणसाला या तिन्ही शब्दांचा बोध होणार नाही. त्याच्याकडे 'मायलेज' आहे, आणि 'युअर माइलेज मे व्हेरी' हा वाक्प्रचारही आहे. १९७० च्या दशकात तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेचे इंधनविषयक अंदाज मोटारींबरोबर प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा प्रत्यक्ष अनुभव वेगळा असू शकेल अशी सूचना त्यांना जोडलेली असे. पुढे ती सूचनाच वाक्प्रचार झाली. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतील इशारा वाचणाऱ्याला ती ओळखीची वाटेल.

पत्रात काय लिहावे

बँकेच्या पत्रव्यवहारात वाक्प्रचार ओळखता यावेत. ते स्वतः वापरावेतच असे नाही. मंजुरीपत्र, हमीपत्र, करारनामा यांत तर त्यांना स्थानच नसावे. ज्या शब्दाचे दोन अर्थ होतात तो वादाच्या वेळी तिसरा अर्थ निर्माण करतो. काही चित्रमय शब्दांना मात्र नियमांतच निश्चित स्थान मिळालेले असते. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरील यंत्रवाहनाच्या साठ यार्ड पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालणे आवश्यक केले होते, आणि वेगाची मर्यादा गावाबाहेर ताशी चार मैल तर गावात दोन मैल होती. लाल निशाण ही धोक्याची खूण त्याहून जुनी आहे. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये फसवणुकीची पूर्वसूचना देणाऱ्या खात्यांसाठी 'रेड फ्लॅग्ड अकाउंट' ही संज्ञा ठरवून दिली. असा शब्द अलंकार म्हणून वापरता येत नाही. एखाद्या खात्याविषयी टिपणीत सहज म्हणून 'रेड फ्लॅग' लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचे परिणाम आधी जाणून घेतले पाहिजेत.

शाखेतील टेबलावर आता ते ई-मेल आणि चाळीस लाखांचा अर्ज शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. मालकांचा चेहरा उतरलेला आहे.

"म्हणजे मॅडम, ऑर्डर गेली?"

"गेलेली नाही, काका. थांबली आहे. किती दिवस, ते त्यांनाच विचारू या. पण आपण कोणतेही अलंकार वापरायचे नाहीत."

दोघे मिळून उत्तर लिहितात. त्यात एकही चाक नाही, एकही ब्रेक नाही. पहिल्या टप्प्याचा माल ठरलेल्या तारखेला निघेल, याची पुष्टी कराल का? गुणवत्ता-तपासणी कोणत्या तारखेस होईल आणि ती कारखान्यात येऊन होईल की नमुन्यांवरून? दुसऱ्या टप्प्याची लेखी ऑर्डर तपासणीनंतर किती दिवसांत मिळेल? तीन प्रश्न, प्रत्येकासमोर उत्तरासाठी मोकळी जागा. पहिल्या टप्प्याच्या कर्जाची उचल त्याच दिवशी होते. चाळीस लाखांचा अर्ज मालक घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवतात. त्यावर तारीख घातलेली नसते.